अधिक एकतीस

डॉ. शेडबाळे बाईंनी रिपोर्ट वाचून चष्मा टेबलावर काढून ठेवला, तेव्हा कल्याणीने लेकीचा हात धरला. पण बाई हसत होत्या.

"सहा पूर्णांक चार! शरयू, पाच वर्षांची होतीस तेव्हा तुला मधुमेह झाला. आज तेरा वर्षांची आहेस. तीन महिन्यांची सरासरी इतकी चांगली आजवर कधी आली नव्हती. काय जादू केलीस गं?"

"मी काही नाही केलं." शरयूने दंडावरची चकती चाचपली. "टिकलीनं केलं."

टिकली हे तिनेच ठेवलेलं नाव. कंपनीने दिलेलं नाव लांबलचक होतं आणि ते कुणीच घेत नसे. बिस्किटाएवढी गोल, चपटी चकती दंडाला चिकटवलेली असे. तिच्या पोटात इन्सुलिन भरलेलं, आणि खालून केसाएवढी बारीक नळी व तेवढाच बारीक सेन्सर कातडीत गेलेला. दर मिनिटाला साखर मोजायची आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडायचं, हे तिचं काम.

कल्याणी नुसती हसली. मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. रोज सकाळी पन्नास माणसांचं रक्त काढायची. लेकीच्या बोटांना आठ वर्षांत किती वेळा टोचलं याचा तिला अंदाजही नव्हता. प्रत्येक पोळीचा, प्रत्येक पेरूच्या फोडीचा हिशोब तिने डोक्यात ठेवला होता. एवढं करून आकडा कधी आठाच्या खाली आला नाही. टिकलीने तो पाच महिन्यांत सहावर आणला.

शरयूला वजन-उंचीसाठी नर्सकडे पाठवून बाईंनी स्क्रीन कल्याणीकडे वळवला. "तुम्ही लॅबमधल्या, तुम्हाला समजेल म्हणून दाखवते. हे पान फक्त डॉक्टर आणि पालकांनाच उघडता येतं. टिकली काय काय शिकली बघा."

इन्सुलिनच्या जुन्या पंपांची एक अडचण होती. साखर वाढलेली दिसली की मगच ते इन्सुलिन सोडत. पण कातडीखाली सोडलेलं इन्सुलिन कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं घेतं आणि पुरता जोर धरायला तासभर. म्हणजे पंपाची धाव कायम उशिराची. नवा पंप वाट बघत बसत नसे, तो माणसाचा दिवसच शिकून घेई. परीक्षेची भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल अशी संप्रेरकं वाढतात. ती यकृताला साठवणीतली साखर रक्तात सोडायला लावतात, आणि एक घासही न खाता साखर चढते. टिकलीने असं पाच-सहा वेळा पाहिलं की पुढच्या खेपेला ती पेपरच्या आधीच थोडं इन्सुलिन सोडून मोकळी होई. साखर कशाने हलते ते ओळखायला हाताशी असेल ते सगळं ती वापरे: घड्याळ, नाडी, चालण्याचा वेग, शाळेचं वेळापत्रक, आणि आसपास कुणाचा फोन आहे तेसुद्धा.

स्क्रीनवर साधी यादी होती. खेळाचा तास: उणे अडतीस. गणिताची चाचणी: अधिक सव्वीस. फोन १: अधिक चार. फोन २: अधिक एकतीस. फोन ३: उणे सहा.

"हे फोन कुणाचे?" कल्याणीने विचारलं.

बाईंनी यादीवर बोट ठेवलं. "नोंदणीच्या क्रमाने आहेत. पहिला तिच्या बाबांचा. दुसरा तुमचा."

"आणि तिसरा हर्षदाचा."

"हो."

"म्हणजे मी जवळ आले की माझ्या पोरीची साखर एकतीसनं चढते. गणितापेक्षाही जास्त."

"तसा अर्थ काढू नका, कल्याणीताई. यंत्राला फक्त साखर वाढलेली दिसते. का वाढली ते कळत नाही."

पण कल्याणीला कळलं होतं, किंवा तिला तसं वाटलं. परतताना रिक्षात शरयू काहीबाही बोलत होती आणि ती हूं हूं करत होती. तिच्या डोक्यात एकतीस नव्हतेच. उणे सहा होते.

निनादशी घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. तो सांगलीत हळदीचा व्यापार बघायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने हर्षदाशी लग्न केलं. ती एका वाचनालयात ग्रंथपाल होती, शांत, हळू बोलणारी. शरयू शाळेचे पाच दिवस मिरजेत आईकडे राही आणि शनिवार-रविवार सांगलीत बाबांकडे. कल्याणी आणि हर्षदा एकमेकींशी कधी बोलत नसत. निरोप जायचे ते शरयूमार्फत, नाहीतर निनादमार्फत.

आयत्या वेळी आलेली ही बाई! हिने कधी पोरीच्या बोटाला टोचलं नाही. जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर बेशुद्ध पडलेल्या लेकराच्या हिरड्यांना साखर चोळली नाही. आणि हिच्या नुसत्या असण्याने माझ्या मुलीची साखर उतरते?

कल्याणीने आकडा उतरवायचं मनावर घेतलं. शरयू घरात आल्या आल्या "किती आहे गं?" विचारायचं बंद केलं. डब्यात डोकावणं सोडलं. आवाज खालच्या पट्टीत आणला, अगदी हर्षदासारखा. दोन दिवसांनी शरयू काळजीने म्हणाली, "आई, तुला बरं नाही का? अशी का बोलतेस?"

आठवड्याने तिने पान उघडलं. फोन २: अधिक तेहतीस.

"सांगलीला काय करता गं तुम्ही दोघी?" तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही. ती वाचते, मी वाचते."

"साखर विचारते का ती?"

"नाही. टिकली आहे ना, म्हणते."

कल्याणीने हातातली पोळी तव्यावर जरा जोरातच टाकली.

तो विचार तिला लॅबमध्ये सुचला. रक्ताचा एक नमुना पातळ करून पुन्हा तपासायचा होता. सलाइन मिसळलं की आकडा उतरतो, मिसळावं तितका उतरतो. टिकलीही सरासरीच काढते. फोन २ जवळ असताना शरयू शांत असल्याच्या नोंदी वाढल्या, तर सरासरी खाली येणारच. आणि शरयू शांत कुठे असते, ते तर यादीतच लिहिलेलं होतं.

काच तडकलेला जुना फोन कपाटात पडून होता. खातं तेच, त्यामुळे टिकलीच्या लेखी तोही फोन २ होता. शुक्रवारी संध्याकाळी कल्याणीने तो चार्ज केला, आवाज बंद केला, एका मोज्यात गुंडाळला आणि शरयू सांगलीला नेत असे त्या बॅडमिंटनच्या बॅगेत अगदी तळाशी घातला. सोमवारी गुपचूप काढून घेतला.

फोन २: अधिक सत्तावीस. पुढच्या सोमवारी अधिक बावीस.

ती पुऱ्या तळत असताना शरयूने विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाली, "काही नाही, असंच."

यात धोका काय तो तिला दिसत नव्हता असं नाही. फोन २ जिथे, तिथे टिकली आधीच जादा इन्सुलिन सोडणार. पण ताण तर तिथे नाही. मग ते इन्सुलिन कुठे जाईल? हा प्रश्न तिच्या मनात आला होता. आणि तिने त्याला उत्तर दिलं होतं, की एवढं हुशार यंत्र आहे, घेईल सांभाळून.

तिसऱ्या रविवारी दुपारी कल्याणी गच्चीवर सांडगे घालत होती. साडेचारला फोन किंचाळला. साखर चौऱ्याहत्तर, आणि पुढे खाली जाणारे दोन बाण.

तिने पिठाच्या हाताने निनादला फोन लावला. तो उचलेना. मग दोन वर्षांत जो नंबर तिने कधी लावला नव्हता तो लावला.

"हॅलो?"

"मी कल्याणी. शरयू कुठंय?"

"इथंच आहे, कोर्टवर. आत्ताच गेम संपला." हर्षदाचा आवाज नेहमीसारखा शांत होता. "अलार्म मीही बघितला. पंपानं इन्सुलिन थांबवलंय. ती म्हणते मी बरी आहे."

"जेवली काय होती?"

"आमरस-पोळी. त्याचा डोस घेतला होता की. खेळायचं मात्र अचानक ठरलं."

आमरसाचा डोस, त्यावर फोन २ चा जादा डोस, आणि त्यावर टिकलीला ठाऊक नसलेला खेळ. कल्याणीने मनातल्या मनात बेरीज केली. इन्सुलिन थांबवता येतं, दिलेलं परत घेता येत नाही.

"ती बोलतेय कशी?"

"छान बोलतेय. बस म्हटलं, बसली. घाम पूस म्हटलं तर 'हो मावशी' म्हणाली. पाणी पी म्हटलं, 'चालेल मावशी'."

साखर उतरली की काही मुलं चिडतात, काही रडतात. शरयू मात्र आज्ञाधारक होते. एरवी साध्या गोष्टीला चार फाटे फोडणारी पोरगी अशा वेळी सांगाल ते निमूट ऐकते. हे कल्याणीने आठ वर्षांत हेरलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. हर्षदाला तर मुद्दामच नाही. एवढी एक गोष्ट आपल्याकडे राहावी असं तिला वाटलं होतं.

"ती बरी नाही," कल्याणी म्हणाली. "हो हो करायला लागली की समजायचं साखर पार खाली गेलीय. तो सेन्सर दहा मिनिटं मागे असतो. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी आहे. आत्ता द्या, उभ्या उभ्या."

चेन ओढल्याचा आवाज आला. "देते... अगं धर... हात थरथरतोय तिचा. मी भरवते. शरयू, आ कर. अशी. गीळ." मग, पहिल्यांदाच कापऱ्या आवाजात, "ताई, घाम बघा किती सुटलाय हिला! साठ दाखवतंय."

"गिळतेय ना? मग घाबरू नका. अजून एक पुडी द्या." कल्याणीने डोळे मिटले. पुढचं बोलणं भाग होतं. "आणि ऐका. बॅगेच्या तळाशी मोज्यात एक फोन आहे. तो बंद करा."

"कसला फोन?"

"माझा. जुना. पंपाला वाटतंय मी तिथं आहे, म्हणून तो जादा इन्सुलिन देतोय. साखर जरा वर आली की पुन्हा देईल. आधी बंद करा. मग मला काय बोलायचं ते बोला."

पलीकडून सामान उपसल्याचा आवाज आला.

"केला बंद," हर्षदा म्हणाली.

एकावन्न. सत्तेचाळीस. हर्षदाने कुणालातरी बाहेरच्या गाड्यावरून उसाचा रस आणायला धाडलं. दोघी फोन कानाला लावून होत्या आणि दोघींच्या हातात तोच आकडा होता. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. पन्नास. सत्तावन्न. वीस मिनिटांनी कल्याणीला लांबून चिडका आवाज ऐकू आला, "मावशी, बास ना! इतका रस कोण पितं?"

कल्याणीच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं. "आता ठीक आहे ती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी डॉ. शेडबाळे बाईंच्या केबिनमध्ये पाचही जण होते. कल्याणीने काही लपवलं नाही. निनादचा आवाज चढला, कोर्टात जाईन म्हणाला. बाईंनी त्याला गप्प केलं आणि कल्याणीकडे वळून एवढंच म्हटलं, "तुम्ही लॅबमध्ये काम करता." ते तिला निनादच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त लागलं.

शरयू इतका वेळ नखं बघत होती. तिने मान वर केली. "आई, माझी साखर खाली गेलेली तुला चालणार होती. पण हर्षामावशीपेक्षा तुझा आकडा जास्त नव्हता चालत. असंच ना?"

कल्याणीने मान डोलावली.

"सुट्टीभर मी सांगलीतच राहते," शरयू म्हणाली.

जिन्यावर हर्षदा मागे थांबली. निनाद आणि शरयू पुढे गेले होते.

"ते पान मीही रोज उघडते, ताई."

"तुम्हाला काय. उणे सहा."

"उणे सहाला डॉक्टर काय म्हणतात ठाऊक आहे? नगण्य. मोजण्यातली चूकसुद्धा तेवढी असते." हर्षदा कठड्यावरून हात फिरवत राहिली. "दोन वर्षं झाली. मी घरात असले काय नि नसले काय, त्या पोरीला काही होत नाही. माझ्याशी ती एकदाही भांडलेली नाही. तुमचे एकतीस बघून मला झोप लागायची नाही." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "पण म्हणून मी कुणाच्या बॅगेत फोन ठेवला नाही."

मे महिना सुरू झाला. शरयू आली नाही. कल्याणी रोज एक ओळ पाठवायची, त्यात साखरेचा विषय नसायचा. उत्तर कधी यायचं, कधी नाही.

पान मात्र ती उघडत राहिली. टिकली जुन्या नोंदींवर फार काळ विसंबत नसे. एखादा फोन जवळ आलाच नाही, तर त्याच्याबद्दल शिकलेलं ती थोडं थोडं सोडून देई, कारण माणसं बदलतात. फोन २ पुढचा आकडा दर सोमवारी घसरलेला असे. सतरा. बारा. आठ. पाच. ज्या शून्यासाठी कल्याणीने एवढा उपद्व्याप केला होता, ते आता काही न करता तिच्याकडे येत होतं. सहाव्या सोमवारी आकडाच नव्हता. फोन २: नोंद अपुरी.

त्या दिवशी तिने लॅबमधून सुट्टी घेतली. दुपारभर बसून हर्षदाला एक लांबलचक मेसेज लिहिला. साखर उतरली की पोरगी आज्ञाधारक होते, हे तर कळलंच आहे. ताप यायच्या आदल्या दिवशी आकडा विनाकारण चढा राहतो. शिळ्या भाताने कमी चढतो. सुईची भीती गेलीय, पण रक्त काढताना तिच्याशी मांजरांबद्दल बोलावं लागतं. लिहिताना प्रत्येक ओळीला तिचा जीव तुटत होता. आपल्या कपाटातली एकेक साडी काढून दुसरीच्या हातात द्यावी तसं वाटत होतं. तरी तिने सगळं लिहिलं आणि पाठवलं.

"वाचलं. नीट ठेवते," असं उत्तर आलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, "ताई, कढत पाण्यानं अंघोळ केली की उतरते का?" कल्याणीने लिहिलं, "उतरते. मला सांगायचं राहिलं."

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. शरयू बॅग घेऊन उभी होती. केस मानेपर्यंत कापलेले.

दोघी पाहुण्यांसारख्या वागल्या. पाणी हवं का. नको. भडंग आणलंय, ठेवू का. ठेव. कल्याणीने ठरवून ठेवलं होतं, काही बोलायचं नाही. पाचएक मिनिटं तिने कळ काढली.

"केस कुणी कापले?"

"मी सांगितलं. मावशी घेऊन गेली."

"मला विचारायचं नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! कमरेपर्यंत होते. आठ वर्षं तेल लावून वाढवलेत मी ते."

"माझे केस आहेत, आई!"

"आणि हे कसलं तेल लावलंय? आपलं नाही हे."

"मावशीचं आहे. छान आहे. चिकट नाही."

"आमचं चिकट असतं होय?"

"असतं! लहानपणापासून असतं, आणि मला आवडत नाही, आणि तू कधी विचारलं नाहीस!"

शरयूचा आवाज चिरकला. तेवढ्यात तिच्या दंडावर टिकली दोनदा थरथरली. दोघी एकदम थांबल्या. शरयूने फोन काढून बघितला. आकडा चढत होता. कल्याणी एक पाऊल मागे सरली. "राहू दे," ती म्हणाली. "राहू दे, मी नाही बोलत."

"का? मावशीकडे दीड महिना मी एकदाही ओरडले नाही. तिथं मी शहाण्यासारखी वागते. दमले मी." शरयू फोनकडे बघत राहिली. "थांब जरा, डोस जाऊ दे."

दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. टिकलीने बारीक कुरकुर केली आणि ती गप्प झाली.

"हं," शरयू म्हणाली. "आता बोल."

कल्याणीने पदराने नाक पुसलं. "मागून फारच आखूड कापलेत," ती म्हणाली, आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर फोन २ च्या पुढे पुन्हा आकडा उमटला. अधिक अकरा. सांगलीत हर्षदाने तो पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिली. कल्याणीने पाहिला नाही. डब्यात उपमा द्यायचा की पोळी-भाजी, यावरून तिचं शरयूशी जोरात भांडण चाललं होतं.